पॅचवर्क जागचा हलत नाही

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आज एखादा मेज ‘तयार’ करायला अर्धा मिनिट पुरतं. गाइड उघडायचं, त्यातली अगम्य अक्षरांची एक लांबलचक ओळ कॉपी करायची आणि खेळातल्या टॅलेंटच्या चौकटीत पेस्ट करायची. झालं. कुठला मंत्र घ्यायचा, कुठला सोडायचा, जीव वाचवण्यावर किती गुण खर्च करायचे आणि मारण्यावर किती, असे साठ-सत्तर निर्णय एका टिचकीत निकालात निघतात. ते घेणारा माणूस दुसराच कुणीतरी असतो. त्याने ते कुठल्या लढाईसाठी, कुणाच्या हातांसाठी घेतले, हे विचारायची पद्धत नाही.

माझं भांडण त्या ओळीशी नाही. तिच्यावर चिकटवलेल्या ‘बेस्ट’ या शब्दाशी आहे, आणि तो शब्द हातात काठीसारखा धरून दुसऱ्यांना गटाबाहेर काढणाऱ्यांशी आहे. या लोकांचा समज असा, की आपण गणिताच्या बाजूने बोलतोय आणि समोरचा भावनेच्या. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. ज्याला ‘बेस्ट बिल्ड’ म्हणून मिरवलं जातं, ते बहुतेक वेळा गणिताचं उत्तर असतं. पण गणित दुसऱ्याचं असतं.

ज्यांचं गेमिंग फोनवरच्या बॅटल रॉयलपुरतं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा हजारो लोकांनी एकाच जगात खेळायचा रोलप्लेइंग गेम आहे. मेज म्हणजे त्यातला जादूगार. (आजोबांच्या मराठीत मेज म्हणजे टेबल. हा विनोद आमच्यात करून करून झिजलाय.) मेज अंगाने नाजूक असतो, लांबून मंत्र मारतो. त्याच्या तीन शाखा आहेत: आग, बर्फ आणि आर्केन. अंगावरच्या कपड्यांतून, काठीतून, अंगठ्यांतून त्याला वेगवेगळे आकडे मिळतात, ते स्टॅट्स. टॅलेंटचे गुण कुठे घालायचे ती निवड आणि हे स्टॅट्स मिळून जे बनतं ते बिल्ड. मोठ्या राक्षसांना मारायला बरेच जण एकत्र जातात, ती रेड. प्रत्येकाने किती डॅमेज केलं, ते आकड्यांत दिसतं. वादाची सुरुवात तिथूनच.

उदाहरणं मी मुद्दाम जुन्या खेळातली घेतो. २००४ साली आलेला मूळ खेळ २०१९ मध्ये ‘क्लासिक’ या नावाने परत आला. त्यातली आकडेमोड खेळाडूंनी वर्षानुवर्षं पिंजून काढलेली आहे आणि कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता येते.

जादूगार म्हटल्यावर नवखा माणूस पहिली उडी मारतो ती इंटेलेक्टवर. बुद्धी जास्त तर जादू जास्त, सरळ आहे. क्लासिकमध्ये ते सरळ नाही. तिथे इंटेलेक्टच्या प्रत्येक गुणामागे १५ माना मिळतो, म्हणजे मंत्र मारायचं इंधन. मंत्राचा तडाखा मात्र त्याने थेट वाढत नाही. जवळजवळ ६० इंटेलेक्ट गोळा केल्यावर क्रिटची, म्हणजे दणकेबाज फटक्याची शक्यता फक्त १ टक्क्याने वाढते. तडाखा वाढवणारा स्टॅट वेगळाच आहे, स्पेल पॉवर. आता हिशोब करा. फ्रॉस्टबोल्ट हा बर्फाचा मुख्य मंत्र प्रत्येक १०० स्पेल पॉवरमागे ८१ च्या आसपास डॅमेज उचलतो. म्हणजे ६० स्पेल पॉवरने जेमतेम ५० वाढतात. त्याचा मूळ तडाखा ६० व्या लेव्हलला ५०० च्या थोडा वर असतो. तेव्हा सुरुवातीच्या कपड्यांवर ही वाढ आठ-नऊ टक्क्यांची झाली. तेवढ्याच इंटेलेक्टने मिळते ती एका टक्क्याच्या आसपास.

मग इंटेलेक्ट घेणारा मूर्ख का? थांबा. एकट्याने खेळत लेव्हल वाढवताना मेजचा निम्मा वेळ खाली बसून पाणी पिण्यात जातो, माना भरायला. तिथे इंटेलेक्ट आणि स्टॅमिना देणारे ‘ऑफ द ईगल’ शेपटीचे कपडे शहाणपणाचे ठरतात. एकामागून एक शत्रू मारता येतात, पाणी कमी लागतं, मरणं कमी होतं. तोच झगा घालून रेडमध्ये गेलात तर तो ओझं आहे. झगा बदलला नाही, आकडे बदलले नाहीत. प्रश्न बदलला.

दुसरा स्टॅट घ्या, हिट. रेडमधला बॉस ६० व्या लेव्हलच्या मेजपेक्षा तीन लेव्हल वरचा धरला जातो. त्याच्यावर मारलेल्या १०० मंत्रांपैकी सरासरी ८३ च लागतात. १ टक्का हिट मिळवलात तर ८४ लागतात, म्हणजे डॅमेज सव्वा टक्क्याच्या आसपास वाढलं. चांगलाच सौदा. पण १६ टक्क्यांपर्यंत पोचलात की दार बंद. १०० पैकी एक मंत्र हुकणारच असा नियम आहे, त्यामुळे सतराव्या टक्क्याची किंमत शून्य. एलिमेंटल प्रिसिजन या टॅलेंटमध्ये तीन गुण घातले असतील तर आग-बर्फासाठी ६ टक्के फुकट मिळतात आणि कपड्यांतून फक्त १० लागतात. तेव्हा हिट किती मोलाचा? उत्तर द्यायच्या आधी विचारावं लागतं, की बाबा रे, तुझ्याकडे आत्ता आहे किती?

आणि क्रिट? काहीच टॅलेंट नसेल तर मंत्राचं क्रिट दीडपट बसतं. १ टक्का क्रिट म्हणजे साधारण अर्धा टक्का डॅमेज. बर्फाच्या शाखेत आइस शार्ड्स पूर्ण घेतलं की क्रिट दुप्पट बसतं आणि तोच एक टक्का एका टक्क्याच्या मोलाचा होतो. आगीच्या शाखेतलं इग्नाइट त्या क्रिटच्या ४० टक्के आणखी जाळतं, म्हणजे मोल अजून थोडं वर. एकाच स्टॅटच्या तीन किमती, आणि ठरवणारी गोष्ट स्टॅटच्या बाहेरची.

हे सगळं मला प्रचंड आवडतं. तुम्हाला कंटाळा आला असेल तर माफ करा, पण या खेळाची अर्धी गंमत याच्यातच आहे असं माझं मत आहे. म्हणूनच गाइडांमधला तो बाणांचा उतरता क्रम पाहिला की माझं डोकं फिरतं. इंटेलेक्ट, मग हेस्ट, मग क्रिट, मग मास्टरी. भाव असा की दुकानदाराने दरपत्रक लावलंय. पुढच्या गुणाची किंमत आधीचे किती आहेत यावर ठरते, हे वर पाहिलंच. आजच्या खेळात तर २०२० पासून हे उघडपणे नियमातच आहे. एखादा दुय्यम स्टॅट ३० टक्क्यांच्या पुढे नेला की त्याच आकड्याचा परतावा टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. त्यामुळे बाणांचा क्रम एका विशिष्ट मेजसाठी, एका विशिष्ट दिवशी खरा असू शकतो. सगळ्यांसाठी कायमचा तो खरा असूच शकत नाही. हे कुणाचं मत नाही, वजाबाकी-भागाकार आहे.

इथे मला हमखास उत्तर मिळतं: “अरे, हे कुणी अंदाजाने नाही ठरवलंय. सिम केलंय.”

खरं आहे. सिम्युलेशनक्राफ्ट नावाचा एक मुक्त-स्रोत प्रोग्रॅम आहे. तुमचा मेज त्यात घालायचा, तो हजारो वेळा तीच लढाई खेळून पाहतो आणि सरासरी काढतो. फार सुंदर काम आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्याला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर तो कुठली लढाई खेळतो? त्या पद्धतीचं नाव आहे पॅचवर्क. हे नाव आलंय नॅक्सरामस या रेडमधल्या एका बॉसवरून. प्रेतांचे तुकडे शिवून बनवलेला हा अगडबंब प्राणी एका जागी उभा राहतो आणि समोरच्यांना बडवतो. त्याचे साथीदार मध्येच धावून येत नाहीत, जमिनीला आग लागत नाही, पळावं लागत नाही, कुणाचा शाप उतरवावा लागत नाही. तुम्ही उभे, तो उभा, साधारण पाच मिनिटं. डॅमेज मोजायला याच्याइतका गुणी बॉस नाही, म्हणूनच त्याचं नाव अमर झालं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात बेंचमार्क नावाची चीज असते. रिकाम्या मशीनवर, ठरावीक डेटा घेऊन, दुसरं काही चालू नसताना प्रोग्रॅम किती वेगाने पळतो त्याचा आकडा. तो आकडा उपयोगाचा असतो, पण त्याच्या शेजारी मशीन कुठलं, डेटा किती, हे लिहिलेलं नसेल तर कुठलाही शहाणा माणूस तो मीटिंगमध्ये दाखवत नाही. दाखवलाच तर पहिला प्रश्न तोच येतो. गेमिंगमध्ये मात्र तीच माणसं, अनेकदा माझ्यासारखीच इंजिनिअर माणसं, बेंचमार्कचा आकडा घेऊन दुसऱ्याचा कान धरतात आणि ‘गृहीत धरा की’ने सुरू होणारी ओळ गिळून टाकतात. चांगल्या गाइडांत ती ओळ असते, हे मान्य करायला हवं. ‘आपापल्या पात्राचं सिम करा’ असं तिथे लिहिलेलं असतं. ती वाचणारे किती? दहावीला धडा न वाचता अपेक्षित प्रश्नसंच पाठ करायची सवय आपल्या हाडात आहे. प्रश्न फिरवून आला की पेपर ‘आउट ऑफ सिलॅबस’ होता म्हणून बोंब मारायची.

क्लासिकमध्ये प्रश्न फिरवून येतो, तोही पहिल्याच मोठ्या रेडमध्ये. मोल्टन कोअर ही लाव्हाची गुहा. तिचा शेवटचा बॉस रॅग्नारोस स्वतःच आग आहे, त्याच्यावर आगीचा मंत्र शून्य काम करतो. म्हणून तिथे जाणारे मेज झाडून सगळे बर्फवाले होते. पुढे नॅक्सरामसपर्यंत पोचल्यावर चांगल्या कपड्यांनिशी आग बर्फाला मागे टाकते. आता सांगा, आग बेस्ट की बर्फ? गुहा कुठली ते आधी विचारायला नको?

बर्फातही दोन बर्फ आहेत. शॅटर नावाचं टॅलेंट गोठलेल्या शत्रूवर क्रिटची शक्यता ५० टक्क्यांनी वाढवतं. एकट्याने फिरताना, किंवा दुसऱ्या खेळाडूशी लढताना, हे सोनं आहे: पाय गोठवले, मंत्र हाणला, विषय संपला. रेडचा बॉस गोठतच नाही, तिथे शॅटरचे पाच गुण मातीत. इम्प्रूव्हड ब्लिझार्डचंही तसंच. एकट्या मेजने पंधरा-वीस प्राण्यांचा कळप मागे लावून घ्यायचा, त्यांना बर्फाच्या पावसात अडखळत चालायला लावायचं आणि एकाच वेळी सगळे आडवे करायचे, हा क्लासिक मेजचा सगळ्यात देखणा प्रकार. त्याच्या बिल्डमध्ये रेडच्या दृष्टीने अर्धा कचरा असतो. तो कचरा नसेल तर कळप मेजला खातो.

आणि ‘सगळ्यांसाठी एकच बेस्ट’ ही कल्पना जिथे पुरती कोसळते ती जागा म्हणजे खुद्द रेड. विंटर्स चिल हे टॅलेंट बॉसवर बर्फाच्या क्रिटची शक्यता १० टक्क्यांपर्यंत चढवतं, आणि त्याचा फायदा रेडमधल्या प्रत्येक बर्फवाल्याला मिळतो. त्याचे थर चढवायला नि टिकवायला एखाद-दुसरा मेज पुरतो. सहाव्या मेजने तेच घेतलं तर त्या गुणांचं जवळजवळ काहीच मिळत नाही. आगवाल्यांचं इम्प्रूव्हड स्कॉर्च तसंच, सगळ्यांची आग १५ टक्क्यांनी वाढवतं. इग्नाइट तर याहून मजेशीर. क्लासिकमध्ये एका बॉसवर इग्नाइट एकच असतं, सगळ्या मेजचे क्रिट त्याच एका जाळात पडत जातात, आणि तो जाळ ज्याने पेटवला त्याच्या नावावर जमा होतो. डॅमेजही त्याचं आणि बॉसचा रागही त्याच्यावर. म्हणजे डॅमेजच्या यादीत वर दिसणारा आगवाला मेज अंशतः शेजाऱ्याच्या लाकडावर शेकत असतो. अशा ठिकाणी ‘तुझं बिल्ड बेस्ट आहे का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘आपल्या सहा जणांची बिल्डं मिळून काय होतंय’ हा प्रश्न.

आता जो मुद्दा गाइडांत मला कधीच सापडत नाही, त्याकडे येतो. पिंग.

या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. आपली मुलं युरोपच्या नाहीतर ओशिआनियाच्या सर्व्हरवर खेळतात. मुंबईहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १३ हजार किलोमीटर, म्हणजे ६५ मिलिसेकंद; आणि ही निसर्गनियमाची खालची मर्यादा झाली. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत राउटर असतात, घरात भिंतीआडचं वायफाय असतं. पुण्यात मला चांगल्या दिवशी दीडशेच्या आसपास मिळतं. ज्याने गाइड लिहिलं तो त्याच खंडात बसून वीस-तीसवर खेळत असतो.

हा फरक सगळ्या बिल्डना सारखा झोंबत नाही, हे महत्त्वाचं. एक मंत्र संपायच्या आधी पुढचा रांगेत लावायची सोय खेळात आहे. शेवटच्या ४०० मिलिसेकंदांत दाबलेलं बटण पुढे पाठवून ठेवता येतं. त्यामुळे उभं राहून एकामागून एक फ्रॉस्टबोल्ट मारणाऱ्याला दीडशेचा पिंग फारसा जाणवत नाही. आजच्या खेळातला आगवाला मेज मात्र वेगळ्या जातीचा आहे. कम्बश्चनच्या दहा-बारा सेकंदांच्या खिडकीत त्याला मध्येच फायर ब्लास्ट घालायचा, हॉट स्ट्रीक तयार झाली की पायरोब्लास्ट सोडायचा. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीची खबर सर्व्हरकडून यावी लागते. त्या दाट खिडकीत गाइडमधला क्रम गाइडवाल्याच्या हातून निघतो तसा आपल्या हातून निघत नाही, बोटं कितीही तरबेज असोत. सिममध्ये लॅग किती धरायचा, खेळणाऱ्याचं कौशल्य किती धरायचं, हे बदलायची सोय आहे. ती बदलून दोन बिल्डांची तुलना केली की पहिलं-दुसरं यांच्यातलं अंतर हलतं, कधी कधी क्रमही. साताऱ्यातून मोबाइल हॉटस्पॉटवर खेळणाऱ्या मुलासाठी दोन टक्के कमी देणारं पण सोपं बिल्ड हेच त्याचं बेस्ट असू शकतं. त्याला ‘तू बेस्ट बिल्ड का घेत नाहीस’ विचारणारा माणूस खरं तर ‘तू युरोपात का राहत नाहीस’ असं विचारतोय.

विचारण्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पुढची पायरी म्हणजे रंग. लढाईच्या नोंदी चढवून प्रत्येक खेळाडूला शंभरातला क्रमांक देणारी व्यवस्था आहे. खालचे राखाडी, मग हिरवे, निळे, जांभळे, वरचे नारिंगी. त्याच शाखेच्या इतर मेजच्या तुलनेत तुम्ही किती डॅमेज केलं, एवढंच तो रंग सांगतो. मोल्टन कोअरमधला गेहेनास नावाचा बॉस टोळीवर एक शाप टाकतो, त्याने जखमींवरचा उपचार ७५ टक्क्यांनी कमी लागू पडतो. हा शाप उतरवायचं काम मेजचं. (ड्रुइडचंही, पण त्यांचे हात दुसरीकडे गुंतलेले असतात.) शाप उतरवायला घालवलेला प्रत्येक दीड सेकंद हा न मारलेला फ्रॉस्टबोल्ट आहे. म्हणजे जो मेज इमानदारीत शाप उतरवतो त्याचा रंग उतरतो, आणि जो दुर्लक्ष करून मारत सुटतो तो जांभळा होतो. अशा मोजपट्टीने कोणते मेज तयार होतात, हे सांगायला सिम लागत नाही.

ज्या गिल्डमध्ये मी काही महिने होतो तिथे एका मेजला यादीतून काढलं. नावं घेत नाही. मुलगा नगरकडचा, पिंग दोनशेच्या वर, आइस बॅरियर ठेवायचा कारण उशिरा पळावं लागतं हे त्याला ठाऊक होतं. रंग हिरवा. “लॉग सुधार, मग ये.” एवढंच उत्तर. पुढच्या आठवड्यात त्याच्याविना बॉस पडला. तो असता तरी पडला असता. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते. त्याच्या जाण्याने काहीही वाचलं नाही, दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

कारण क्लासिकमध्ये कस एवढा लागतच नाही. मूळ खेळात रॅग्नारोस पहिल्यांदा पडायला २००५ चा एप्रिल उजाडला होता. २०१९ मध्ये क्लासिक सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात तो पडला. त्या टोळीतले काही जण तर ६० व्या लेव्हललाही पोचले नव्हते. ४० जणांची रेड, पंधरा वर्षं घोटून पाठ झालेले डावपेच, आणि आपण भांडतोय एका मेजच्या तीन टॅलेंट गुणांवरून.

आता समोरच्याची बाजू. ती पोकळ नाही. चाळीस जण आपली संध्याकाळ बाजूला ठेवून येतात. एखादा रॅग्नारोसवर फायरबॉल मारत बसला तर तो इतर एकोणचाळिसांचा वेळ खातोय, आणि ‘माझी मर्जी’ हे त्याचं उत्तर असू शकत नाही. मान्य. आजच्या खेळाच्या अगदी वरच्या पातळीवर, जिथे बॉस एक-दोन टक्के उरला की सगळी टोळी मरते, तिथे प्रत्येक टक्का मोजावाच लागतो. तेही मान्य. पण तिथले लोक एक ओळ कॉपी करून येत नाहीत. ते प्रत्येक बॉससाठी टॅलेंट बदलतात, सहा मेजमध्ये कामं वाटून घेतात. कॉपी करणारे सगळे खाली असतात, जिथे त्याची गरज नाही, आणि वरच्यांची भाषा वापरून आपल्यासारख्याच दुसऱ्याला हाकलतात.

दुसरा पक्ष मला जवळचा वाटेल असा काहींचा समज होईल. ‘खेळच आहे रे, मजा कर, आकडे सोड.’ नाही, हाही सल्ला मला नको. विचार करायचा कंटाळा दोन्हीकडे तोच आहे; एकाने गाइडच्या मागे लपवलाय, दुसऱ्याने मजेच्या. मेज खेळण्यातली मजा ही शॅटर बॉसवर का चालत नाही ते कळण्यात आहे. ते कळलं की तुम्ही शॅटर सोडाल, किंवा ठेवाल आणि का ठेवलं ते सांगाल. दोन्ही चालेल.

कंपनीनेही यावर इलाज करून पाहिलाय. २०१२ मध्ये टॅलेंटचं झाडच काढून टाकलं. सगळे एकच बिल्ड घेतात, मग ती निवड कसली, हा त्यामागचा युक्तिवाद होता. त्याऐवजी सहा टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर तीनांतून एक अशी रचना आली. लोकांनी सहाच्या सहा उत्तरं कॉपी केली. २०२२ मध्ये झाडं परत आली, मोठी, फांद्यांची, आणि सोबत आली ती कॉपी-पेस्टची ओळ. झाड काढून काही झालं नाही, झाड लावूनही नाही. निवडीचा कंटाळा खेळाच्या रचनेत नसून आपल्यात असेल तर तो डिझायनरला काढता येणार नाही.

यात पणाला काय आहे? माझ्या मते बरंच काही. आपल्या वयाच्या मुलांना बाकी कुठे असं जग मिळतं, जिथे दावा ऐकला, गणित मांडलं, संध्याकाळी करून पाहिलं आणि रात्री दावा खरा की खोटा ते कळलं? ऑफिसात प्रयोगाला परवानगी लागते. कॉलेजात जर्नल आधीच्या बॅचचं उतरवलं जातं, रीडिंगसकट. खेळात चुकण्याची किंमत क्लासिकमध्येसुद्धा टॅलेंट परत घ्यायला जास्तीत जास्त ५० गोल्ड, आणि आजच्या खेळात तर फुकट. एवढ्या स्वस्त प्रयोगशाळेत बसून आपण दुसऱ्याचं जर्नल उतरवतोय.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. गाइड लिहिणाऱ्यांनी ‘बेस्ट’च्या शेजारी त्याच टायपात लिहावं: कुठली लढाई, किती मिनिटं, कुठले कपडे, किती लॅग, सोबत कोण. रेडच्या म्होरक्यांनी रंग बघायच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे टॅलेंट का घेतलंस? उत्तर पटलं नाही तर खुशाल काढा, पण उत्तर ऐकून काढा. आणि तुम्ही, जे आज रात्री ती ओळ पेस्ट करणार आहात: करा पेस्ट. मग एकच गोष्ट बदला. लॅग तुमचा घाला, किंवा लढाई हलती करा, किंवा एक टॅलेंट काढून दुसरं लावा. पुन्हा चालवा. क्रम तसाच राहिला तर आता तो तुम्हाला माहीत आहे, फक्त ऐकलेला नाही. बदलला तर तुमच्या हाती असं काहीतरी लागलंय जे त्या गाइडमध्ये नव्हतं.

आणि माझं हे सगळं तुम्हाला चूक वाटत असेल तर भांडायला जरूर या. फक्त येताना आकड्यांसोबत तुमची गृहीतकंही घेऊन या.